जोडेवाल्याचा मुलगा : हान्स अँडरसन

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र असते. आजवर बहुतेक संत, राण्या आणि समाजसेविका यांची चरित्रे आली. यंदा ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी हान्स ख्रिश्चन अँडरसन हे नाव सांगितले आणि कार्यकारिणीतल्या दोघीतिघींच्या कपाळाला आठ्या पडल्या. परदेशी मनुष्य, त्यातून लहान मुलांच्या गोष्टी लिहिणारा; त्याचे चरित्र बायकांच्या अंकात कशाला? परंतु भगिनींनो, तुम्ही सर्वजणी त्याला ओळखता. गदिमांचे बदकाच्या पिलांचे गाणे ज्या घरात कधी म्हटले गेले नाही, असे घर आपल्या आळीत सापडायचे नाही. त्या गाण्यातली गोष्ट मूळची अँडरसनची, डेन्मार्क देशातली, १८४३ सालची.

दुसरेही एक कारण आहे. शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत मी मुलांना गोष्टी सांगते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गेल्या पावसाळ्यात मी त्याची 'लाल जोडे' ही गोष्ट सांगितली. तिच्यात एका मुलीचे पाय कुऱ्हाडीने तोडतात. त्या रात्री दोन मुली आईला बिलगून झोपल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या आया माझ्या दारात उभ्या. एकीचे म्हणणे, असल्या भयंकर गोष्टी मुलांना सांगूच नयेत. दुसरीचे म्हणणे, सांगाव्या पण शेवट बदलून. मी त्या वेळी चहा करून वेळ मारून नेली. पण अशी गोष्ट लिहिणारा माणूस होता तरी कसा, हे काही मनातून जाईना. मी सातवी शिकलेली, इंग्रजी येत नाही. मराठीत मिळाले ते वाचले, बाकीचे मुलाकडून अर्थ सांगून घेतले. त्यातून जे समजले ते माझ्या बुद्धीप्रमाणे लिहीत आहे.

हान्सचा जन्म २ एप्रिल १८०५ रोजी फ्यून नावाच्या बेटावर ओडेन्स या गावी झाला. बाप जोडे शिवणारा, वय अवघे बावीस. आई त्याच्याहून वयाने बरीच मोठी. तिला लिहितावाचता येत नव्हते. दोघांच्या लग्नाला तेव्हा दोनच महिने झाले होते. आईला आधीची एक मुलगी होती, तिचे नाव कारेन. ती या घरात वाढली नाही. हे नाव मात्र वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

घर म्हणजे एकच खोली. त्यातच बापाचा जोडे शिवण्याचा पाट, त्यातच अंथरूण, त्यातच चूल. कोणा सरदाराची शवपेटी ज्या लाकडी चौथऱ्यावर ठेवली होती, त्याच्या फळ्या विकत घेऊन बापाने लग्नाचा पलंग केला आणि काळ्या कापडाच्या चिंध्या त्याला तशाच चिकटून राहिल्या होत्या, असे हान्सने पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. गोष्टी रचणाऱ्या माणसाने स्वतःविषयी सांगितलेले किती खरे मानायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. छपरावर, शेजारच्या घराच्या पन्हळीशी, आईने एका पेटीत माती भरून भाजी लावली होती. शिडीने वर चढून ती पाहायची, हीच त्याची बाग. 'हिमराणी' या गोष्टीत ती बाग जशीच्या तशी आली आहे.

आई लहान असताना तिला भीक मागायला पाठवीत. भीक मागायची लाज वाटून ती पुलाखाली बसून दिवसभर रडत असे. आजोबा वेडे. लाकडाची चित्रविचित्र प्राणीमाणसे कोरीत ते फिरत आणि रस्त्यावरची पोरे त्यांच्या मागे हुर्यो करीत. आजी गावच्या रुग्णालयाच्या बागेत काम करी. तिथेच वेड्यांना ठेवण्याची जागा होती आणि गरीब म्हाताऱ्यांची सूत कातण्याची खोलीही. हान्स आजीबरोबर जाई आणि त्या म्हाताऱ्यांच्या पायाशी बसून भुताखेतांच्या गोष्टी ऐके. मग अंधार पडल्यावर घराबाहेर जायची त्याची छाती होत नसे. तेव्हा त्याच्या गोष्टींतले भय हे कोणा पंडिताने कपाटातून काढलेले नाही. चरख्याच्या घरघरीत, गरीब बायकांच्या तोंडून ते त्याच्या कानी पडले. आपल्याकडे भाताची लावणी करताना, जात्यावर बसताना बायका कसल्या कसल्या कथा सांगत, त्या काय गोड गोड असत?

बाप शिकलेला नव्हता, परंतु वाचनाचा नादी. रविवारी तो मुलाला अरबी कथा वाचून दाखवी. त्याने मुलाला बाहुल्यांचे नाटकघर करून दिले. हान्स बाहुल्यांचे कपडे स्वतः शिवी. हा शिंपी होणार, अशी आईची खात्री होती.

बापाची एक हकिकत मला फार लागली. एका जमीनदाराच्या वाड्यावर जोडेवाल्याची जागा रिकामी होती. राहायला घर, बाग, गाईसाठी कुरण असे सगळे मिळणार होते. नमुना म्हणून नाचाच्या जोड्यांचा एक जोड करून आणायचा होता. रेशीम बाईसाहेबांनी दिले, चामडे याने आपल्या पदरचे घातले. घरात सगळ्यांनी देवाची प्रार्थना केली. बाप जोडे घेऊन गेला आणि बाईसाहेबांनी पायात न घालताच सांगितले की आपले रेशीम फुकट गेले. तेव्हा बापाने सुरी काढली आणि माझे चामडेही फुकट जाऊ द्या म्हणून तिच्यासमोर जोड्यांचे तुकडे केले. जोडा, रेशीम आणि सुरी ही तिन्ही त्या मुलाच्या डोक्यात तेव्हापासून राहिली असावीत.

पुढे पैशांसाठी बाप दुसऱ्याच्या बदली शिपाई म्हणून सैन्यात गेला. नेपोलियनच्या लढायांचे ते दिवस. तो परत आला तो खंगून, आणि १८१६ साली गेला. आई लोकांचे कपडे धुऊ लागली. ओडेन्सच्या नदीत, त्या देशाच्या थंडीत, गुडघाभर पाण्यात तासन्‌तास उभे राहायचे. अंगात ऊब यावी म्हणून ती मधूनमधून दारूचा घोट घेई. गावाने तिला दारुडी ठरवले. हान्सला कापडाच्या कारखान्यात घातले. त्याचा आवाज फार गोड होता, तो काम करताना गाई. एकदा तिथल्या गड्यांना वाटले की हा मुलगा नसून मुलगी आहे, आणि त्यांनी त्याला धरून खात्री करून घेण्याचा चाळा केला. तो रडत घरी पळाला. आईने त्याला पुन्हा तिथे पाठवले नाही.

दिसायला तो विचित्रच होता. उंच काडीसारखा, नाक मोठे, डोळे बारीक, हात लांब आणि पाऊल मोठे. हे त्याला कोणी विसरू दिले नाही.

चौदाव्या वर्षी, १८१९ साली, देवळात त्याचा दीक्षाविधी झाला. आपल्याकडे मुंजीला जसे महत्त्व तसे त्यांच्याकडे या विधीला. बापाचा जुना कोट उसवून त्याचा पोशाख केला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला नवे बूट मिळाले होते. ते सगळ्यांना दिसावे म्हणून त्याने विजार बुटांच्या आत खोचली. चालताना बूट करकरत आणि सगळ्या देवळाला ते नवे असल्याचे कळते आहे, याचा त्याला आनंद झाला. लगेच मनाला टोचलेही, की आपले लक्ष देवाकडे नसून बुटांकडे आहे. एवढेच झाले. त्याला कोणी शिक्षा केली नाही. सणाला नवे लुगडे नेसून देवळात जाणाऱ्या कोणत्या बाईने असे केलेले नाही?

त्याच वर्षी सप्टेंबरात साठवलेले थोडे पैसे घेऊन तो एकटा राजधानी कोपनहेगनला निघाला. नाटकात जाऊन मोठे व्हायचे हे त्याच्या मनात पक्के होते. आईने एका भविष्य सांगणाऱ्या म्हातारीला विचारले. ती म्हणाली की एक दिवस या मुलासाठी ओडेन्स गावात दिव्यांची रोषणाई होईल. त्यावर आईने त्याला जाऊ दिले.

राजधानीत तो त्या काळच्या प्रसिद्ध नर्तकी शालबाईंच्या घरी गेला. पायांतले बूट काढून ठेवले, डोक्यावरच्या टोपीचा डफ केला आणि त्यांच्या दिवाणखान्यात नाचून गाऊन दाखवले. कोणते गाणे? तर राखेत बसणाऱ्या सिंड्रेलाचे, जिला जोडा बरोबर बसला म्हणून राजपुत्र मिळाला. हा लांबलचक, फाटका मुलगा सिंड्रेला होऊन नाचत होता. बाईंना वाटले, याचे डोके फिरले आहे. मग तो नाटकगृहाच्या अधिकाऱ्याकडे गेला. त्याने सांगितले की तू रंगभूमीसाठी फार बारीक आहेस. हान्सने उत्तर दिले की पगार मिळाला तर मी लवकरच जाड होईन. त्याच्या या उत्तराचे मला हसूही येते आणि पोटात तुटतेही. पुढे सिबोनी नावाच्या इटालियन गवयाने त्याला शिकवायला घेतले, पण वयात येताना आवाज फुटला आणि तेही संपले.

जोनास कोलिन या थोर मनाच्या अधिकाऱ्याने त्याच्यासाठी राजाकडून शिक्षणाचा खर्च मिळवून दिला. सतराव्या वर्षी तो अकराबारा वर्षांच्या मुलांबरोबर बाकावर बसला. मुख्याध्यापक मायस्लिंग त्याला सर्वांदेखत हिणवीत. म्हातारपणीही ते त्याच्या स्वप्नात येत. कोलिन यांचा मुलगा एडवर्ड याच्यावर त्याचा फार जीव. १८३१ साली त्याने एडवर्डला लिहिले की आपण एकमेकांना अरेतुरे करू या. एडवर्डने नकार दिला. शेवटपर्यंत अहोजाहोच राहिले. त्या घरात तो जेवला, वाढला, परंतु उंबरठ्याची रेघ कधी पुसली गेली नाही.

१८३३ साली आई गरिबांच्या आश्रयगृहात वारली. ती बातमी त्याला रोम शहरी कळली. सुमारे वीस वर्षांनी त्याने एका धुणेवालीची गोष्ट लिहिली. सगळा गाव जिला कुचकामाची म्हणतो, ती मुलाच्या शिक्षणासाठी गार पाण्यात उभी राहून मरते. ती आई त्याची स्वतःची आहे, हे त्याने लपवले नाही.

गोष्टींची पहिली लहानशी पुस्तिका १८३५ साली निघाली. त्यात वाटाण्याच्या दाण्यावर झोपणारी राजकन्या आहे. वीस गाद्यांखाली एक वाटाणा आणि तिचे अंग काळेनिळे पडते. म्हणून ती खरी राजकन्या. (आपल्यातली एखादी पोती उशाशी घेऊनही झोपते. असो.) त्या वेळच्या टीकाकारांनी लिहिले की या गोष्टी मुलांच्या हाती देण्यासारख्या नाहीत, त्यांत बोध नाही. म्हणजे माझ्या दारात आलेल्या दोघींच्या आधी जवळजवळ दोनशे वर्षे हा वाद सुरू झाला होता.

१८३७ साली 'छोटी जलपरी' निघाली. सिनेमात पाहिलेली जलपरी विसरून मूळची वाचा. समुद्राच्या तळाशी राहणारी ही राजकन्या पंधरा वर्षांची होते तेव्हा आजी तिला सजवते. केसांत फुलांचा जड मुकुट आणि शेपटीवर मानाचे चिन्ह म्हणून आठ मोठे शिंपले चिकटवते. मुलगी म्हणते, दुखते आहे. आजी म्हणते की मानासाठी सोसावेच लागते. ही समुद्रातली आजी मला फार ओळखीची वाटली. नाक टोचताना, कान टोचताना, वेणी ओढून घालताना आपण हेच ऐकले आणि आपल्या मुलींना हेच ऐकवले.

मग तिला राजपुत्रासाठी पाय हवे होतात. चेटकीण पाय देते, पण मोबदला म्हणून जीभ कापून घेते. शिवाय ती चालेल तेव्हा प्रत्येक पाऊल धारदार सुरीवर पडल्यासारखे होईल. ती चालते. सगळा दरबार म्हणतो, केवढी डौलदार चाल. पायांतून रक्त येते ते तिला एकटीलाच ठाऊक.

येथे मला थोडे स्वतःचे सांगायचे आहे. मी सावळी. लग्नापूर्वी मला नऊ ठिकाणी दाखवले. मावशी महिनाभर आधीपासून साय, हळद आणि डाळीचे पीठ लावीत असे. एका ठिकाणी मुलाच्या आत्याने मला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायला सांगितले, पायांत काही व्यंग नाही ना ते पाहायला. आणि पदर वर घेऊन पावलेही दाखवायला सांगितली. मी काही बोलले नाही. बोलायची पद्धतच नव्हती. तेव्हा जीभ कापण्यासाठी चेटकीणच लागते असे नाही. ही गोष्ट मी चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा वाचली आणि सुरीवर चालण्याच्या जागी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले.

शनिवारच्या मुलींतल्या एकीने विचारले होते की तिला जीभ परत मिळाली का? मी घरी येऊन पुन्हा नीट वाचून घेतले. राजपुत्र दुसरीशी लग्न करतो. जलपरीच्या बहिणी आपले केस चेटकिणीला देऊन तिच्यासाठी सुरी आणतात, की त्याला मार म्हणजे तू वाचशील. ती मारत नाही, समुद्रात उडी टाकते आणि तिचा फेस होतो. मग ती वर, हवेतल्या कन्यांमध्ये जाते, आणि तिथे ती प्रश्न विचारते! म्हणजे आवाज परत आलेला आहे. पण केव्हा, तर शेपूट गेली, पाय गेले, रूप गेले, देहच गेला तेव्हा. मी त्या मुलीला एवढेच सांगितले की हो, मिळाला.

'कुरूप बदकाचे पिल्लू' १८४३ सालचे. ती त्याची स्वतःचीच गोष्ट आहे असे तोच म्हणे. भावंडे चावतात, कोंबड्या टोचतात, वाढणारी मुलगी लाथ मारते, हिवाळ्यात ते बर्फात गोठते. वाचताना डोळे भरून येतात. परंतु मला त्यात एक गोष्ट खटकते. ते पिल्लू शेवटी राजहंस निघते. ते बदकच असते, कुरूपच राहते, तर? तर बाकीच्यांचे चावणे बरोबर होते का? गोष्टीत कोणी बदक येऊन म्हणत नाही की आमचे चुकले. ते पिल्लू सुंदर निघाल्यामुळे सगळ्यांची सुटका झाली. जी मुलगी सोळाव्या वर्षीही गोरी होत नाही तिने या गोष्टीचे काय करायचे, ते अँडरसनने सांगितले नाही. त्याला स्वतःला हंस व्हायचे होते आणि कीर्तीच्या बाबतीत तो झालाही. राजेरजवाडे त्याला पंगतीला घेऊ लागले. जेनी लिंड नावाच्या स्वीडनच्या थोर गायिकेवर त्याचे मन बसले. तिने त्याला भाऊ मानले.

१८४४ च्या 'हिमराणी'त एक सैतानी आरसा आहे. त्यात चांगले असेल ते कुरूप आणि वाईट असेल ते मोठे दिसते. तो फुटतो आणि त्याच्या बारीक कणांतला एक कण ज्याच्या डोळ्यांत जाईल त्याला पुढे सगळे वाकडेच दिसते. आपल्या मुली हातात मोबाइल धरून स्वतःचा फोटो चारचारदा पुसून गोरा करतात तेव्हा मला तो कण आठवतो.

आता 'लाल जोडे'. साल १८४५. मुलीचे नाव कारेन, आणि ही ती लक्षात ठेवायला सांगितलेली कारेन. सावत्र बहीण आपल्या दारात उभी राहील आणि आपले मूळ चारचौघांत उघडे पडेल, याची हान्सला जन्मभर धास्ती होती. १८४२ साली तिचे पत्र आलेही. त्याने तिला थोडे पैसे दिले. त्यानंतर तीन वर्षांनी त्याने या मुलीला ते नाव दिले.

गोष्टीतली कारेन गरीब. उन्हाळ्यात अनवाणी, हिवाळ्यात लाकडी खडावा, त्यांनी पायाच्या वरची बाजू लालेलाल होते. जोडेवालीण म्हातारी तिला लाल कापडाच्या चिंध्यांचे जोडे शिवून देते. आई मरते. एक श्रीमंत म्हातारी तिला पाळते. लोक म्हणतात, छान दिसतेस. आरसा म्हणतो, सुंदर आहेस. दीक्षाविधीला ती लाल चामड्याचे जोडे घालून देवळात जाते आणि तिचे लक्ष देवाकडे नसून जोड्यांकडे असते. हान्सचे होते तसेच. मग जोडे पायांना चिकटतात आणि तिला रात्रंदिवस, रानावनातून, काट्यांतून, पावसातून नाचवतात. शेवटी ती मारेकऱ्याच्या दारात जाऊन, माझे डोके नको, पण पाय तोड म्हणून विनवते. तो तोडतो. जोडे त्यातल्या लहान पायांसह नाचत रानात निघून जातात. तो तिला लाकडी पाय आणि कुबड्या करून देतो. ती देवळात जायला निघते तर ते जोडे तिच्यापुढे नाचत असतात! फार दिवस राबून, रडून मग तिला क्षमा मिळते आणि ती मरते.

काही जाणते सांगतात की यात हान्सने स्वतःलाच शिक्षा केली आहे, करकरणाऱ्या बुटांबद्दल. असेल. त्याचे मन तसे हळवे होते खरे. पण मग पाय मुलीचे का? त्याच्या बुटांना फक्त मनाची टोचणी, आणि तिच्या जोड्यांना कुऱ्हाड. पुढे १८५९ साली त्याने आणखी एक लिहिली. इंगर नावाची मुलगी नवे जोडे चिखलाने भरू नयेत म्हणून पावाचा लोफ चिखलात टाकून त्यावर पाय देते आणि थेट पाताळात जाते. अन्नाचा अपमान झाला हे खरे, पण पुन्हा मुलगी, पुन्हा जोडेच. हंस होण्याची इच्छा त्याने स्वतःसाठी ठेवली. मुलीने तीच इच्छा धरली की तिला रक्त काढायला लावले. मी या माणसावर माया करते आणि या एका बाबतीत मला त्याचा रागही येतो. दोन्ही एकदम होऊ शकते, हे संसार केलेल्या बायांना मी काय सांगावे.

शेवट बदलावा का, या प्रश्नाचे माझे उत्तर नाही असे आहे. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या पुस्तकात सिंड्रेलाच्या सावत्र बहिणी जोडा बसावा म्हणून एक अंगठा आणि दुसरी टाच कापते, आणि सुरी त्यांच्या हाती त्यांची आईच देते. तेवढे गाळून आपण मुलींना फक्त काचेचा जोडा दाखवला, तर तो पायात बसवायला काय काय कापावे लागते ते त्यांना कोण सांगणार? भयंकर आहे ते भयंकर म्हणून ऐकू दे. फक्त 'लाल जोडे' सांगून झाल्यावर मी आता मुलींना विचारते की कारेनने असे काय मोठे केले होते? मागच्या वेळी एकीने सांगितले, काहीच नाही, ते जोडेच वाईट होते. दुसरी म्हणाली, आरशाने तिला कशाला सांगितले?

हान्सचे पुढचे आयुष्य कीर्तीचे गेले. १८४४ साली बर्लिनला तो मोठ्या ऐटीत ग्रिम बंधूंच्या घरी गेला, तर थोरल्या याकोबने त्याचे नावही ऐकले नव्हते. १८५७ साली इंग्लंडात डिकन्सच्या घरी थोड्या दिवसांसाठी म्हणून गेला आणि पाच आठवडे राहिला. घरचे लोक अगदी कंटाळून गेले. आगीच्या भीतीने तो प्रवासात दोर बाळगी, खिडकीतून उतरायला. आपल्याला जिवंत पुरतील या भीतीने उशाशी चिठ्ठी ठेवी, की मी मेलेला दिसतो एवढेच. त्याने स्वतःचे शंभराहून अधिक फोटो काढून घेतले. जन्मभर ज्या चेहऱ्याला लोक हसले, तो चेहरा कधीतरी कोणत्या तरी काचेवर चांगला उमटेल, अशी त्याला आशा असावी. लग्न झाले नाही. गोष्ट सांगता सांगता तो मोठ्या कात्रीने कागद कापी आणि शेवटी घडी उलगडली की त्यातून नाचणाऱ्या मुली, राजहंस, वाडे निघत. ते कागद आज ओडेन्सच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

६ डिसेंबर १८६७ रोजी ओडेन्सने त्याला गावाचा मानकरी केले आणि सगळ्या खिडक्यांत दिवे लागले. म्हातारीचे भविष्य खरे झाले. त्या रात्री त्याची दाढ इतकी ठणकत होती की उघड्या खिडकीशी उभे राहून दिवे पाहणेही त्याला जड गेले. ४ ऑगस्ट १८७५ रोजी कोपनहेगनजवळ मेल्कियोर कुटुंबाच्या घरी तो वारला. सत्तर वर्षांचा होता. शेवटच्या आजारात त्या घरच्या डोरोथिआबाईंनी त्याची सेवा केली.

त्याच्या जलपरीचा पुतळा १९१३ साली कोपनहेगनच्या बंदरात एका खडकावर बसवला. चेहरा एका नर्तकीचा घेतला, परंतु तिने उघड्या अंगाने बसायला नकार दिला, म्हणून अंग शिल्पकाराने आपल्या बायकोचे घेतले. जगभरचे लोक तो पाहायला जातात. १९६४ साली कोणीतरी रात्री त्याचे डोके करवतीने कापून नेले. ते सापडले नाही, म्हणून नवे ओतून बसवले. १९८४ साली एक हात कापला. १९९८ साली पुन्हा डोके. ते थोड्याच दिवसांत परत मिळाले आणि होते तिथे जोडले.